प्रल्हादभाऊंच्या गाडीचं पाणी

‘गाडी गरम होते’ असं म्हणत जो माणूस गॅरेजात येतो, तो बहुधा गाडीपेक्षा जास्त तापलेला असतो. त्याला आधी बसवायचं. इंजिन निवल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं आणि माणूस निवल्याशिवाय त्याला काही विचारायचं नसतं. दोघांना साधारण सारखाच वेळ लागतो. मंगरूळपीरच्या माझ्या गॅरेजात त्यासाठी एक बाकडं ठेवलं होतं. ते अजून आहे. गॅरेज आता पुतण्या पाहतो. त्याच्याकडे गाडीला वायर जोडून दोष सांगणारं यंत्र आहे. मी सकाळी जाऊन बाकड्यावर बसतो आणि यंत्र काय म्हणालं ते विचारतो. बहुतेक वेळा यंत्र बरोबर असतं. त्याचं मला फार वाईट वाटत नाही, थोडंच वाटतं.

गावात मला सगळे मिस्त्री म्हणतात. वामन हे नाव आता मतदार यादीत आणि बायकोच्या रागात, अशा दोनच ठिकाणी शिल्लक आहे. क्लच, ब्रेक, गिअरपेटी, सगळंच केलं. पण या कामात सांगण्यासारखं काय, असं कोणी विचारलं तर मी पाणी म्हणतो. तेलाची, डिझेलची, विजेची भानगड शोधली की सापडते. पाणी माणसाला फिरवतं.

ज्यांना गाडीचं फक्त दार उघडता येतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनात डिझेल जळतं. त्यानं गाडी पळते आणि इंजिन तापतंही. ही आग बाहेर नेण्यासाठी इंजिनाच्या अंगातून पाणी फिरवलेलं असतं. त्यात कूलंट नावाचं हिरवं नाहीतर लाल औषध घालतात, म्हणजे पाणी लवकर उकळत नाही आणि आतलं लोखंड गंजत नाही. हे पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरात येऊन निवतं आणि परत आत जातं. वरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: हे पाणी बंद घरात फिरतं. ते संपायला नको. ‘माही गाडी पानी लय पेते’ असं लोक म्हणतात. गाडी पाणी पीत नाही. ते कुठून तरी निघून जातं, आणि कुठून ते शोधायचं असतं.

जायच्या वाटा मोजक्याच. पाइप, पंप नाहीतर रेडिएटर गळून पाणी जमिनीवर पडतं, ते दिसतं. इंजिनाच्या तेलात मिसळलं तर तेलाचा दुधाळ चहा होतो, तेही दिसतं. डिझेल जळतं तिथं घुसलं तर सायलेन्सरातून पांढरी वाफ निघते. या शेवटच्या दोन दुखण्यांत इंजिनाचं वरचं डोकं, ज्याला आम्ही हेड म्हणतो, ते उघडावं लागतं. हेड उघडणं म्हणजे पोट उघडणं. मिस्त्री म्हणतो साधं ऑपरेशन आहे, पण पोट मिस्त्रीचं नसतं.

प्रल्हादभाऊंच्या गाडीचं पाणी यातल्या कोणत्याच वाटेनं जात नव्हतं.

प्रल्हादभाऊ आसेगावकडचे शेतकरी. सोयाबीन, तूर, थोडी हळद. शांत माणूस, बोलायचं झालं तर आधी टोपी काढून हातात घेणार. त्यांची बायको कौसल्या, सगळे तिला कौसावैनी म्हणत. कौसावैनींच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा अकोल्याच्या एका दवाखान्यात डायलिसिसला जावं लागे. तिथंच त्यांचा नंबर लागला होता. आधी ते एसटीनं जात. जाताना ठीक, पण येताना वैनींना बसवत नसे. गर्दीत कोणी जागा देई, कोणी झोपेचं सोंग घेई. शेवटी प्रल्हादभाऊंनी एक जुनी पांढरी डिझेल गाडी घेतली. तोवर त्यांनी ट्रॅक्टरच चालवला होता, त्यामुळे गाडीही ते ट्रॅक्टरसारखीच चालवत: सरळ, सावकाश, आणि समोरचा बाजूला होईल या विश्वासानं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा नुकतीच थंडी पडू लागली होती.

“मिस्त्री, गाडी तापून राह्यली,” ते टोपी काढून म्हणाले. “पानी टाकतो, अकोल्यापावतर जाते, येताखेपी पुन्हा टाकतो.”

“कुठून गळते का?”

“नाही जी. आंगन कोरडं ठक्क.”

मी रेडिएटरचा खालचा नळ उघडला. पिवळंधमक पाणी आलं. सगळ्या गॅरेजात वरणाचा वास सुटला.

“हे काय हाय?”

“हयद,” ते म्हणाले. “शेजाऱ्यानं सांगतलं का हयदीनं गयती बंद होते. दोन मुठी टाकली. फरक नाही पडला म्हून अजून टाकली.”

शेजारी खोटं बोलला नव्हता. हळदीचा हा गुण जुन्या ड्रायव्हर लोकांना माहीत आहे. ती बारीक छिद्रात जाऊन बसते आणि गळती काही दिवस थांबते. पण छिद्र कोणतं आणि पाण्याची नळी कोणती, हे हळदीला कळत नाही. ती सगळीकडेच बसते. आमच्या जिल्ह्यात हळद घरची असते, त्यामुळे लोक हात राखूनही टाकत नाहीत. मी अर्धा दिवस त्या गाडीच्या पोटातून हळद धूत होतो. झाकणाचं रबर कडक झालं होतं, ते झाकण बदललं. एक पाइप चिरला होता, तोही बदलला. नवीन हिरवं कूलंट भरलं आणि चहा पाजून प्रल्हादभाऊंना रवाना केलं. मनात म्हटलं, झालं.

पुढच्याच आठवड्यात ते परत आले. या वेळी कौसावैनी सोबत होत्या. दोघं अकोल्याहून परतत होते. वैनी बारीक अंगाच्या, शाल पांघरलेल्या. हाताला पट्टी. त्या बाकड्यावर बसल्या आणि माझ्याकडे असं पाहू लागल्या, जसं काही मीच पेशंट आहे.

बॉनेट उघडलं. पाणी पुन्हा खाली गेलेलं. आमच्याकडे एक हातपंप असतो, झाकणाच्या जागी लावून आत हवेचा दाब भरायचा आणि काटा बघायचा. काटा थांबला तर सगळं बंद आहे. उतरला तर कुठेतरी वाट आहे. काटा उतरत होता. घाई न करता, सरकारी कामासारखा, पण उतरत होता. मी गाडीखाली झोपलो. टॉर्च मारला. एक थेंब नाही. तेल पाहिलं, स्वच्छ. सायलेन्सरला हात लावून पाहिला, कोरडा.

प्रल्हादभाऊ मागच्या सीटवरून पाण्याची मोठी कॅन उचलून आणत होते. ती कॅन कायम गाडीत असायची. ते पाहून वैनी बाकड्यावरून म्हणाल्या, “पाहा भाऊ. गाडीले कॅननं पाजते हा मानूस. अन् मले वाटीनं.”

हे मला तेव्हा नीट कळलं नाही, प्रल्हादभाऊंनी समजावलं. किडनी बंद असली की प्यालेलं पाणी बाहेर जात नाही. ते अंगात साचतं, पाय सुजतात, छातीत भरलं तर दम लागतो. म्हणून डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं असतं. चहा, वरण, ताक, सगळं त्यातच धरायचं. प्रल्हादभाऊ घरी एका वाटीनं मोजून देत. माठावर झाकण, झाकणावर वरवंट्याचा दगड. दगड वैनींना उचलत नसे.

“मले गाडीत गोड वास येते,” वैनी मध्येच म्हणाल्या.

“कशाचा?” मी विचारलं.

“काय माहीत. गोड. पाकासारखा.”

“तिच्या नाकाचं मनावर नोका घेऊ, मिस्त्री,” प्रल्हादभाऊ म्हणाले. “बिमारीनं तिले चहाबी लोखंडासारखा लागते.”

मी तरी गाडीत डोकं घालून वास घेतला. सगळ्या काचा खाली, वारा आरपार. खालची मॅट स्वच्छ, कडक वाळलेली. मला उदबत्तीचा वास आला. समोर गणपतीला लावली होती. शिवाय या नाकातून जन्मभर डिझेल गेलेलं आहे. मी ते सोडून दिलं.

मग राहिलं हेड. काही चिरा इतक्या बारीक असतात की पाणी थोडं थोडं जळून जातं आणि धूरही दिसत नाही. मी प्रल्हादभाऊंना सांगितलं, हेड उघडावं लागेल. ते अकोल्याला लेथवर घासायला जाईल, परत येईल, बसेल. गाडी आठवडाभर तरी उभी राहील.

प्रल्हादभाऊंनी टोपी घातली आणि पुन्हा काढली. “आठवड्यात दोन खेपा पडतेत, मिस्त्री.”

“दुसऱ्याची गाडी करा.”

“करतो,” ते म्हणाले. पण त्यांनी वैनींकडे पाहिलं आणि वैनींनी रस्त्याकडे. आसेगावात पहाटे दवाखान्याला न्यायला एकदा कोणीही येतो. दर खेपेला कोण येईल?

मला ते उघडणं मनातून पटत नव्हतं. ज्या इंजिनाचा आवाज चांगला आहे त्याचं पोट फाडायला हात उठत नाही. मी म्हटलं, “पुढच्या खेपेला मी येतो संगं. चालत्या गाडीत पाहू. मंग ठरवू.”

त्या दिवशी सकाळी ते मला गॅरेजासमोरून घ्यायला आले. हवेत चांगलाच गारठा. वैनी पुढं प्रल्हादभाऊंच्या शेजारी, मी मागं, पायाशी पाण्याची कॅन, मांडीवर हत्यारांची पिशवी. वैनींना सकाळचं वारं सोसत नव्हतं म्हणून सगळ्या काचा बंद. महान गावाच्या रस्त्याला लागलो. माझी नजर सगळा वेळ तापमानाच्या काट्यावर. काटा मध्यावर शहाण्यासारखा उभा होता.

थोड्या वेळानं समोरच्या काचेवर आतून धुकं धरू लागलं. प्रल्हादभाऊ एका हातानं फडकं फिरवायचे. काच साफ व्हायच्या ऐवजी तिच्यावर चिकट पट्टे उठायचे, जसं काही तेलाच्या हातानं पुसलं आहे. श्वासाच्या धुक्यानं असं होत नाही. आणि मग मलाही तो वास आला. हलका, गोड. पाकासारखाच.

मी पुढं वाकलो. वैनींनी दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घातली होती.

“वैनी, पाय खाली सोडा. मुंग्या येतीन.”

“खाली ओलं राह्यते, भाऊ.”

प्रल्हादभाऊंचा आवाज एकदम चढला. “सांगू नोको त्यायले ते!”

“काय सांगू नोको?” मी विचारलं.

बराच रस्ता गेला. मग प्रल्हादभाऊ रस्त्याकडे बघतच म्हणाले, “चोरून पानी पेते जी ते. दवाखान्यात वजन करतेत, तं दरवेळी पानी जास्त भरते. मी घरी वाटीनं मोजून देतो, मंग येते कुठून? चूळ भराले म्हून बाटली ठेवते इथं दारात. त्यातून पेते अन् सांडवते. प्रत्येक खेपेले मॅट ओली.”

“मी नाही सांडलं,” वैनी म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलेलं होतं, की त्यात आता राग उरला नव्हता, भांडणही नव्हतं. एसटीचा कंडक्टर गावाचं नाव घेतो तसं त्या म्हणाल्या.

“मंग मले मॅट कोरडी काहून दिसली गॅरेजात?” मी विचारलं.

“तुमच्याकडे आनाच्या आधी काढून उन्हात टाकतो ना. परवा तं रस्त्यातच टपावर वाळू घातली. घरातली गोष्ट, चारचौघात कायले?”

म्हणजे माणसानं बायकोची लाज राखायला माझा पुरावा दरवेळी वाळवून आणला होता. मी काही म्हणणार, तेवढ्यात काटा मध्यावरून उठला. काटा उठतो तेव्हा हळू उठत नाही. महान मागं पडलं होतं. मी म्हटलं, “गाडी बाजूले घ्या. इंजिन बंद करा.”

रस्त्याला एक लहान पूल होता. वैनी उतरून त्याच्या कठड्यावर शाल लपेटून बसल्या. मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि रबरी मॅट उचलली. तिच्या खाली गाडीचं सतरंजीसारखं अस्तर असतं आणि त्याखाली जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखा थर. मॅट सगळेच उचलतात, नमद्यापर्यंत कोणी जात नाही. मी कोपऱ्यातून अस्तर ओढून वर केलं.

नमदा थपथपीत भिजला होता. वरून हिरवट. आणि मुळापासून पिवळा.

मी बोट लावलं, चिकट. वास घेतला; गोड, आणि मागून वरण. मग प्रल्हादभाऊंना हाक मारली. ते आले, वाकले आणि वाकलेलेच राहिले.

मी कठड्याकडे वळून विचारलं, “वैनी, तुमी हयदीचं पानी पेता का?”

“नाही बाप्पा. कायले?”

“मंग हे तुमी नाही सांडलं.”

पाणी जायची एक वाट मी वर सांगितली नाही, कारण मलाही ती त्या दिवशीच आठवली. गाडीत हिटर असतो. इंजिनाचं गरम पाणी दोन नळ्यांनी डॅशबोर्डच्या मागं नेलेलं असतं. तिथं एक छोटं रेडिएटर बसवलेलं असतं. थंड मुलखात त्यावरून हवा सोडतात आणि माणसं ऊब घेतात. वाशीम जिल्ह्यात हिटर लावलेली गाडी मी पाहिलेली नाही. इथं गाडीत बसलं की माणूस आधी काच खाली करतो. पण तुम्ही तो लावा किंवा लावू नका, त्या गाडीत पाणी तिथून फिरतच असतं. तेच छोटं रेडिएटर कुजलं होतं. गाडी तापली, दाब वाढला, की त्यातून पाणी झिरपायचं. बाहेर टाकणारी नळी मातीनं बुजलेली, म्हणून ते पुढं बसणाऱ्याच्या पायाशी उतरायचं. गाडी अकोल्याच्या खेपेलाच काय ती लांब जायची, आणि त्या खेपेला त्या जागी वैनीच बसलेल्या असायच्या.

हे सगळं मी प्रल्हादभाऊंना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी टोपी काढली. ते कठड्यापाशी गेले आणि वैनींसमोर उभे राहिले.

“मी उगाच बोललो,” ते म्हणाले.

“बोलले ते बोलले,” वैनी म्हणाल्या. “टाइम पाहा.”

वेळेची खरी अडचण होती. दवाखान्यात मशीन मोजक्या. उशीर झाला की खुर्चीवर पुढचा पेशंट बसवतात आणि मग त्या दिवशी नंबर लागेलच असं नाही. आधी एकदा खेप हुकली होती, तेव्हा वैनींना आडवं होता आलं नव्हतं. भिंतीला टेकून बसल्या बसल्या श्वास घेत होत्या. हे प्रल्हादभाऊ मला सांगत होते आणि त्यांचा हात बॉनेटखाली झाकणाकडे जात होता. मी तो धरला.

दुरुस्ती सोपी होती. इंजिनातून हिटरकडे जाणारी नळी तिकडून सोडवायची आणि परत येणाऱ्या नळीच्या जागी, इंजिनाच्याच दुसऱ्या तोंडावर चढवायची. पाणी हिटरकडे जाणारच नाही, इंजिनातल्या इंजिनात फिरेल. पण नळी सोडायची तर आतला दाब आधी काढावा लागतो, आणि दाब काढायचा तर झाकण उघडावं लागतं. इंजिन तापलेलं. थांबायला वेळ नाही.

लोकांना जे करू नका म्हणून जन्मभर सांगत आलो, ते मी केलं. सीटवरचं पोतं कॅनच्या पाण्यात भिजवलं, झाकणावर टाकलं, दोघांना लांब उभं केलं आणि तोंड वळवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवलं. फुस्स करून वाफ निघाली. ती निघू दिली. अजून थोडं फिरवलं. आतून पाण्यानं एक उसळी मारली आणि पोत्याच्या कडेनं माझ्या मनगटावर आली. मी जे बोललो ते इथं छापता येणार नाही. वैनी कठड्यावरून म्हणाल्या, “भाजलं वाट्टे.” मी हो म्हणालो.

बाकीचं काम मग एका हाताच्या भरवशावर केलं. पक्कड, नळी आवळायच्या दोन पट्ट्या, एक नळी काढून रस्त्याच्या कडेला टाकली, दुसरी वाकवून बसवली. इंजिन थोडं निवल्यावर चालू ठेवून सावकाश पाणी भरलं. तापलेल्या लोखंडात एकदम गार पाणी ओतलं तर ते तडकतं, आणि मग खरंच हेड उघडायची वेळ येते. प्रल्हादभाऊ कॅन धरून होते. धार बारीक आणि सरळ होती.

बार्शीटाकळी गेलं. काटा मध्यावर. अकोला आलं. काटा मध्यावर. वैनींनी पाय अजून वरच घेतलेले. नमदा तर ओलाच होता.

दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा पुढच्या पेशंटला हाक मारणं चालू होतं. सिस्टरनं वैनींना ओळखलं, “मावशी, या लवकर” म्हणाली आणि आधी वजनकाट्यावर उभं केलं. डायलिसिसच्या आधी वजन करतात. मागच्या खेपेपेक्षा जेवढं वाढलं, तेवढं पाणी अंगात साचलं, असा तो हिशेब. प्रल्हादभाऊ काट्याजवळ उभे होते. आज त्यांच्या चेहऱ्यावर थोडा उत्साह होता. रस्त्यात वैनींवरचा आरोप धुऊन निघाला होता, तेव्हा वजनही आता बरोबर येईल असं त्यांना वाटत असावं.

“मावशी, पुन्हा जास्त आहे,” सिस्टर म्हणाली. “पाणी कमी प्या ना हो.”

प्रल्हादभाऊ माझ्याकडे बघू लागले. जणू काही यातही कुठं हिटर असेल. मी मनगटाकडे पाहिलं.

कौसावैनी काट्यावरून उतरल्या. चप्पल घातली. आणि नवऱ्याकडे बघून सरळ म्हणाल्या, “पेलं मी पानी. मागच्या दारी म्हशीच्या टाक्यावर पेते, ओंजळीनं. तहान धरवत नाही मले. पन गाडीत एक थेंब नाही सांडला.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “सांडाले पुरते कुठी?”

सिस्टरला यातलं गाडीचं काही कळलं नाही. प्रल्हादभाऊंच्या तोंडून एक आवाज निघाला. मला वाटलं ते रागावले. ते हसत होते. टोपीत तोंड घालून हसत होते, खांदे हलत होते. मग डोळे पुसून म्हणाले, “जा. नंबर जाईन.”

वैनी आत गेल्या. सिस्टरनं माझ्या मनगटाला मलम लावलं आणि कसं भाजलं विचारलं. मी म्हटलं, गाडीत पाणी भरताना. ती म्हणाली, तुम्ही लोक काळजी घेत नाही.

आम्ही दोघं बाहेर जिन्याच्या पायरीवर बसलो. प्रल्हादभाऊंनी टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “मिस्त्री, म्हशीच्या टाक्यावर. त्यात शेवाळ हाय.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “मी माठावर दगड ठेवला, म्हून ते टाक्यावर गेली.” दाब धरून ठेवला की पाणी कुठून तरी वाट काढतं एवढंच मला येतं, आणि ते त्या वेळी बोलायची गोष्ट नव्हती. मी त्यांना विचारलं, हिटर नवा बसवायचा का. त्यासाठी सगळा डॅशबोर्ड काढावा लागेल.

“हिटर?” ते म्हणाले. “आपल्याइकडे ऊन फुकट भेटते जी.”

त्या गाडीत हिटर पुन्हा कधी जोडला नाही.

दुपारनंतर वैनी बाहेर आल्या. चेहरा उतरलेला, पण श्वास मोकळा. परत निघालो. मी ओला नमदा आधीच काढून डिकीत टाकला होता; वैनींच्या पायाखाली उघडा पत्रा होता. त्यांनी आधी एका पायानं चाचपून पाहिलं, मग दोन्ही पाय खाली सोडले आणि डोकं मागं टेकून झोपल्या. प्रल्हादभाऊ नेहमीपेक्षाही हळू चालवत होते. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्यांना ऐकू येत नव्हतं, किंवा येत असून ते ऐकत नसतील.

महानला चहाच्या हॉटेलापाशी थांबलो. वैनींना जाग आली. मालकानं तीन कप आणून ठेवले. आजवरची रीत अशी, की वैनींच्या कपातला बराचसा चहा प्रल्हादभाऊ आधी आपल्या कपात ओतून घेत आणि मग उरलेला त्यांच्याकडे सरकवत. वैनींनी सवयीनं आपला कप त्यांच्यापुढं ठेवला.

प्रल्हादभाऊंनी तो तसाच, काठोकाठ भरलेला, परत त्यांच्याकडे सरकवला.

“मोजाचा नाही?” वैनींनी विचारलं.

“तुले समजते,” ते म्हणाले. “अन् घरी गेल्यावर तो दगड काढून टाकतो. टाक्यावरचं नोको पेऊ. पेवावंच वाटलं तं माठातलं पे, मले सांगून पे.”

वैनींनी कपाकडे पाहिलं. दोन्ही हातांनी उचलला. एक घोट घेतला, मग थांबून दुसरा. त्यांनी डोळे मिटले होते. घोट तोंडात धरून त्या बराच वेळ बसायच्या, मग गिळायच्या. अर्धा कप झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, कपात किती उरलं ते पाहिलं आणि तो खाली ठेवला. उरलेला चहा स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या कपात ओतला.

“पुरे,” त्या म्हणाल्या.

मी उठून गाडीकडे गेलो आणि बॉनेट उघडलं. रेडिएटरशेजारच्या पाण्याच्या टाकीला, पाणी किती हवं याची बाहेरून खूण असते. पाणी खुणेवर होतं.